खालच्या खिंडीतली प्रयोगशाळा : ऑन्डरस्टेपोर्ट

गोचीड तापाची शंका आली की आम्ही पशुवैद्यक आधी गाईच्या खांद्यापुढची गाठ चाचपतो. लिंबाएवढी, कधी पेरूएवढी गाठ हाताला लागते. तिच्यात सुई घालून थेंबभर द्रव काढायचा, काचेवर पसरायचा, हवेत हलवून सुकवायचा आणि गिम्सा रंगात ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. पांढऱ्या पेशींच्या पोटात निळसर तुकड्यांचे पुंजके दिसले की निदान झाले. त्या पुंजक्यांना आम्ही ‘कॉख बॉडी’ म्हणतो आणि परजीवीला ‘थायलेरिया’. महाराष्ट्रात जर्सी-होल्स्टिनच्या संकरित गाई वाढल्यापासून हे दोन्ही शब्द इतके रुळले आहेत की ती दोन माणसांची आडनावे आहेत हेच आम्ही विसरतो. दोघांची वाट एकदा एकाच रोगावरून गेली होती. एकाचा अंदाज चुकला, दुसऱ्याचा बरोबर निघाला. ज्याचा बरोबर निघाला त्याच्यासाठी सरकारने प्रिटोरियाच्या उत्तरेला एक संस्था बांधून दिली. स्मरणिकेच्या या पानांत आपल्या संस्थांच्या शेजारी तिला जागा द्यावी, असे मला वाटले.

आर्नोल्ड थायलर हा स्वित्झर्लंडमधल्या फ्रिक गावचा, जन्म १८६७चा. १८९१ साली तो ट्रान्सव्हालमध्ये उतरला आणि पहिल्याच नोकरीत शेतावरच्या एका यंत्रात त्याचा डावा हात गेला. एका हाताचा गुरांचा डॉक्टर ही कल्पनाच आपल्याला जड जाते. बैल आडवा पाडायचा, घोड्याच्या तोंडात औषध ओतायचे, हे एका हाताने कसे करायचे? प्रिटोरियातला त्याचा दवाखाना फारसा चालला नाही. तगून राहिला तो देवीच्या लसीमुळे. १८९३ साली जोहान्सबर्गमध्ये देवीची साथ आली, तेव्हा वासरांवर लस वाढवायचे काम त्याने अंगावर घेतले आणि सरकारदरबारी त्याचे नाव झाले. मग १८९६ उजाडले आणि बुळकांडी आली.

बुळकांडी आपल्याला नवी नाही, आपल्या आज्यांच्या तोंडी ती शिवी म्हणून होती. पण दक्षिण आफ्रिकेतल्या गुरांनी ती कधी पाहिलीच नव्हती. १८८० च्या दशकाच्या अखेरीस ती आफ्रिकेच्या शिंगात उतरली, खाली सरकत सरकत १८९६ मध्ये तिने झांबेझी ओलांडली आणि बैलगाड्यांवर चालणारा सगळा मुलूख बसला. थायलर सरकारी पशुवैद्य झाला तो याच वर्षी. बुळकांडी हा परजीवीचा रोग नव्हे, विषाणूचा, पण पुढच्या सगळ्या परजीवी रोगांची वाट तिने आखून दिली. एक तर जंगली जनावरे मेल्याने नागाना रोग पसरवणाऱ्या त्सेत्से माशीचे अन्न तुटले आणि ट्रान्सव्हालच्या उत्तर भागातून माशी हटली ती परत आली नाही. दुसरे म्हणजे गोठे रिकामे झाल्याने बाहेरून गुरे आणणे भाग पडले. रोग आला तो त्या गुरांबरोबर.

१९०१ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरची गुरे बैरा बंदरातून ऱ्होडेशियात गेली. त्याच वाटेने ऑस्ट्रेलियातून आणलेल्या गाई बंदराजवळच मरू लागल्या आणि जवळपास सगळ्या मेल्या. सुरुवातीला कोणी फारसे घाबरले नाही. गोचिडीमुळे होणारा, लाल लघवीचा रोग तिकडे ठाऊक होता आणि मेलेल्या गुरांच्या रक्तात तसेच तांबड्या पेशींतले किडे दिसत होते. पण एक गोष्ट जुळेना. ज्या स्थानिक गुरांना लाल लघवी होऊन गेली होती, ज्यांना तो रोग जन्मभरात पुन्हा व्हायला नको होता, तीही मरत होती. आणि लघवी लाल होत नव्हती.

सरकारांनी थेट बर्लिनहून रॉबर्ट कॉख यांना आणले. क्षयाचा जंतू शोधणारा माणूस, त्याच्यापुढे बोलणार कोण? कॉख १९०३ मध्ये बुलावायोला आले आणि साधारण वर्षभर राहिले. हेच बारीक किडे त्यांनी काही वर्षांपूर्वी दार-एस-सलामच्या गुरांत पाहिले होते, पण तेव्हा ती लाल लघवीच्या परजीवीची लहान पिल्ले समजून सोडून दिली होती. आता हा, म्हणजे ‘पूर्व किनारी ताप’, वेगळा रोग आहे हे त्यांनी मान्य केले, गाठींतले निळे पुंजके नीट वर्णन करून ठेवले आणि उपाय म्हणून बऱ्या झालेल्या गुरांचे रक्त निरोगी गुरांना पुनःपुन्हा टोचायला सांगितले. उपाय कुचकामी ठरला. निळ्या पुंजक्यांना मात्र त्यांचे नाव कायमचे चिकटले.

इकडे थायलर प्रिटोरियाच्या पश्चिमेला दासपोर्ट इथल्या तोकड्या जागेत काम करत होता. त्याची रीत साधी होती आणि तिच्यात चिकाटी लागत असे. लाल लघवीच्या गुराचे रक्त टोचले तर दुसऱ्याला रोग होतो, या नव्या रोगाच्या गुराचे टोचले तर होत नाही. मग रोग जातो कशाने? केप वसाहतीतला कीटकतज्ज्ञ चार्ल्स लाउन्सबरी याने कानाला चिकटणाऱ्या तपकिरी गोचिडीवर बोट ठेवले. थायलरने ते ताडून पाहिले. लाल लघवीची निळी गोचीड आयुष्यभर एकाच जनावरावर राहते आणि रोग अंड्यांवाटे पुढच्या पिढीला देते. ही तपकिरी गोचीड मात्र तीन वेळा जेवते आणि प्रत्येक वेळी खाली पडून, कात टाकून, नव्या जनावरावर चढते. एका जेवणात परजीवी घेते आणि पुढच्या जेवणात देते. अंड्यांतून काही जात नाही. १९०४ मध्ये थायलरने परजीवीला ‘पायरोप्लाझ्मा पार्व्हम’ म्हटले, पार्व्हम म्हणजे चिमुकला. तीन वर्षांनी पोर्तुगीज संशोधकांनी त्याची स्वतंत्र प्रजाती केली आणि थायलरचे नाव तिला दिले.

हा फरक कागदावर बारीक वाटतो, पण कुंपण, कत्तल आणि कुरणे मोकळी ठेवण्याची सगळी मोहीम त्यावरच उभी राहिली. रोगी कळप हलवून कुरण साधारण १५ महिने रिकामे ठेवले तर उपाशी गोचिड्या मरतात आणि जमीन स्वच्छ होते, हे गणित एकजिनसी ‘लाल लघवी’ म्हणत बसलो असतो तर कधीच सुटले नसते. बरी झालेली गुरे रोग वाहत नाहीत असे थायलरचे मत होते. पुढे पूर्व आफ्रिकेत वाहक गुरे सापडली, म्हणजे त्याचाही अंदाज सोळा आणे खरा नव्हता. दक्षिणेत मात्र तेवढ्यावर भागले.

या कामाच्या जोरावर नव्या जागेची मागणी मान्य झाली. ट्रान्सव्हालचे पंतप्रधान लुई बोथा स्वतः शेतकरी, गुरे मेली की काय होते हे त्यांना सांगावे लागत नव्हते. प्रिटोरियाच्या उत्तरेला डोंगरातल्या खिंडीपलीकडे एक शेत होते. आफ्रिकान्समध्ये ‘ऑन्डरस्टे पोर्ट’ म्हणजे सर्वांत खालची खिंड. तिथे १९०८ मध्ये प्रयोगशाळा उघडली. (आपल्याकडे मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तोवर २२ वर्षांचे झाले होते. आणि सरकारची जंतुशास्त्रीय प्रयोगशाळा पुण्यात १८८९ ला सुरू होऊन चार वर्षांत मुक्तेश्वरच्या थंडीत निघून गेली होती. पुणेकरांनी ती राखली असती तर, असा विचार मनात येतोच.)

नव्या इमारतीत आल्याबरोबर थायलरने आणखी एक गुंता सोडवला. लाल लघवीच्या गुरांच्या तांबड्या पेशींच्या कडेला गडद टिपके दिसत. अमेरिकेतल्या स्मिथ आणि किलबोर्न यांनीही ते पाहिले होते आणि त्याच परजीवीची एक अवस्था मानले होते. थायलरने हा निराळा रोग आहे हे दाखवून त्याला ‘अ‍ॅनाप्लाझ्मा मार्जिनाले’ नाव दिले. पाठोपाठ त्याला एक सौम्य भाऊबंद सापडला, त्याचे टिपके कडेला नसून मध्याकडे. हा भाऊबंद टोचला तर जनावर थोडे मलूल होते, पण खऱ्या रोगातून वाचते. शंभर वर्षे उलटून गेली तरी ही जिवंत लस अजून वापरात आहे आणि ऑस्ट्रेलियापर्यंत पोचली आहे. अ‍ॅनाप्लाझ्मा आज परजीवींत मोजत नाहीत, त्याची गणना जिवाणूंत होते, पण काचेवर तो आजही परजीवींच्याच पंगतीला बसतो.

१९२० मध्ये ऑन्डरस्टेपोर्टला पशुवैद्यकाचे विद्यापीठीय शिक्षण सुरू झाले. १९२७ ला थायलर निवृत्त झाला. घोड्यांचा आफ्रिकी रोग, मेंढ्यांची निळी जीभ, हाडे चघळणाऱ्या गुरांचा लुळेपणा या विषयांवरही तिथे मोठी कामे झाली, पण तो इतिहास वेगळा लिहावा लागेल.

मला जास्त सांगावेसे वाटते ते पाळत ठेवण्याबद्दल. थायलेरियाविरुद्धची मोहीम प्रयोगशाळेत जिंकली गेली नाही, ती टपालात जिंकली गेली. रोगाच्या भागात गुरे मेली की निरीक्षकाने त्यांच्या रक्ताची, पानथरीची किंवा गाठीची काच करायची आणि तपासणीला पाठवायची, अशी शिस्त बसवली गेली. म्हाताऱ्या गाईला साप चावला असला तरी काच हवीच. वर्षानुवर्षे आलेल्या काचांपैकी बहुतेक स्वच्छ निघत, आणि तेच हवे होते. जिथली काच आली नाही तिथे संशय. नाताल प्रांतात हर्बर्ट वॉटकिन्स-पिचफोर्ड यांनी आर्सेनिकच्या पाण्याने भरलेल्या हौदात गुरे थोड्या थोड्या दिवसांनी बुचकळायची पद्धत बसवली. हौद, कुंपण, कत्तल आणि काच या चौघांनी मिळून दक्षिण आफ्रिकेतून पूर्व किनारी ताप १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हद्दपार केला. केनिया, टांझानिया, युगांडात तो आजही गुरे मारतो.

या यशाची किंमत कोणी मोजली, हे संस्थेच्या गौरवपर पुस्तकांत शोधावे लागते. हौदाचा खर्च, हौदासाठी लागणारा कर आणि बैलांच्या वाहतुकीवरची बंदी हे सगळे काळ्या शेतकऱ्यांच्या माथी आधी आले. त्यांच्यासाठी गाय म्हणजे मुलाच्या लग्नात द्यायचे देज, शेताची मशागत आणि अडीनडीची ठेव. विषाच्या पाण्यात ती का बुडवायची आणि धडधाकट असताना का मारायची, हे त्यांना कोणी समजावले नाही. १९१४ च्या अखेरीस पूर्व ग्रिक्वालँडमध्ये लोकांनी सुरुंग लावून हौद उडवले, तारायंत्राच्या तारा तोडल्या. सरकारने ती दंगल म्हणून मोडली. प्लेगच्या काळात पुण्यात घरे उपसणाऱ्या सोजिरांबद्दल आपल्या आज्यांकडून ऐकलेल्यांना यात परके काही वाटणार नाही. रोग खरा, उपायही खरा, तरी राग खोटा नाही.

१९२५ मध्ये अमेरिकन शास्त्रज्ञ एडमंड काउड्री यांनी ऑन्डरस्टेपोर्टच्या आवारात ‘हार्टवॉटर’ या गोचिडीनेच पसरणाऱ्या रोगाचा जंतू शोधला. या रोगात मेंढी गोल गोल फिरते, पाय उचलून टाकते आणि छातीत पाणी साठून मरते. जंतू रक्तात दिसतच नाही, मेंदूच्या बारीक केशवाहिन्यांच्या अस्तरात लपतो. म्हणून जनावर मेल्यावर डोके वेगळे करून, कवटीच्या मागच्या भोकातून लांब दांड्याच्या चमच्याने मेंदूचा कण काढतात, दोन काचांत चिरडतात आणि रंगवतात. प्रयोगशाळेच्या पात्रात हा जंतू वाढवायला १९८५ साल उजाडले, तेही ऑन्डरस्टेपोर्टमध्येच. तोवर साठ वर्षे निदान त्या चमच्यावर चालले. माझ्या ओळखीच्या एका तरुण पशुवैद्याला हे सांगितले तेव्हा तो हसला. पीसीआर यंत्र नसलेल्या तालुक्याला त्याची बदली झाली आणि त्याने तो चमचा आठवणीने मागितला.

थायलरच्या घरातली आणखी दोन माणसे लक्षात ठेवायला हवीत. धाकटा मुलगा मॅक्स याला पीतज्वराच्या लसीसाठी १९५१ चे नोबेल मिळाले, ते सगळ्यांना माहीत असते. मुलगी गर्ट्रूड हिचे नाव मात्र गोचिडीवर काम करणाऱ्यांनाच ठाऊक. १८९७ ला जन्मलेली ही बाई ऑन्डरस्टेपोर्टमध्ये बसून देशभरातून आलेल्या गोचिडीच्या कुप्या उघडत असे. कुठल्या तालुक्यात, कुठल्या जनावरावर, किती उंचीवर आणि किती पावसाच्या मुलखात कोणती गोचीड मिळाली, याचे नकाशे तिने १९४० च्या दशकापासून छापायला सुरुवात केली. १९६२ मध्ये तिने सहाराच्या दक्षिणेकडच्या सगळ्या आफ्रिकेतल्या गोचिडींचा आढावा घेतला. नोबेल असल्या कामाला मिळत नाही. पण कुठल्या तालुक्यात हार्टवॉटरची शंका घ्यायची आणि कुठे नाही, हे ठरवायला तिचे नकाशे कामी आले. तिच्या नावाचे गोचीड संग्रहालय ऑन्डरस्टेपोर्टला आहे. दोन भावंडांत मला विचाराल तर मी बहिणीच्या कामाला जास्त मान देतो, अर्थात हे पशुवैद्याचे मत आहे.

त्सेत्से माशीचे प्रकरण इथे थोडक्यात. झुलूलँडमध्ये उबोम्बो इथे डेव्हिड ब्रूस यांनी १८९० च्या दशकात नागाना रोगाचा ट्रिपॅनोसोम दाखवला, आपल्या सर्राच्या परजीवीचा हा सख्खा नातेवाईक. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानांतून डीडीटी फवारून तिथली मुख्य माशी नाहीशी केली. चाळीसेक वर्षे नागाना विस्मरणात गेला. १९९० मध्ये तो परत आला, कारण माशीच्या उरलेल्या दोन जाती झाडीत टिकून होत्या आणि काचा पाहणे मंदावले होते. अशा वेळी रक्ताच्या थेंबात ट्रिपॅनोसोम शोधत बसणे म्हणजे कडब्यात सुई शोधणे. बारीक काचनळीत रक्त भरून ती गरगर फिरवायची, तांबड्या पेशी खाली बसल्या की पांढऱ्या पेशींच्या पातळ थराजवळ परजीवी गोळा होतो, तो थर काचेवर घेऊन पाहायचा. ही युक्ती १९७७ साली मॅक्स मरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडली. ती ऑन्डरस्टेपोर्टची नव्हे, पण तिच्याशिवाय नागानावर पाळत ठेवणे अवघड झाले असते.

संस्थेचे दार कोणासाठी उघडे होते, हेही लिहायला हवे. दक्षिण आफ्रिकेचा पहिला काळा पशुवैद्य जोटेलो सोगा १८८६ मध्ये एडिंबरामधून पदवी घेऊन आला, म्हणजे मुंबईचे कॉलेज सुरू झाले त्याच वर्षी. बुळकांडीच्या काळात तो केपमध्ये राबला आणि १९०६ मध्ये, ऑन्डरस्टेपोर्ट उघडण्याआधीच, वारला. त्याच्यासारख्या विद्यार्थ्यांना या संस्थेत प्रवेश मिळायला अनेक दशके जावी लागली. काचा धुणारे, गुरे धरणारे, रक्त काढणारे काळे कामगार पहिल्यापासून होते, पण जुन्या लेखांत त्यांची नावे क्वचितच सापडतात. आता तिथल्या विद्याशाखेच्या ग्रंथालयाला सोगाचे नाव आहे. दरम्यान संशोधन १९९२ मध्ये कृषी संशोधन परिषदेकडे गेले आणि लसनिर्मिती २००० मध्ये वेगळ्या सरकारी कंपनीकडे. तेव्हापासून आवार एक आणि घरे तीन, असा संसार चालला आहे. वाटण्या झाल्यावर विहिरीचे पाणी कोणाचे, हा प्रश्न तिथेही पडत असेलच.

थायलेरिया गेला असे मी वर लिहिले, ते गाईंपुरते खरे. जंगली म्हशींत तो राहिलाच. १९५५ मध्ये नाइट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झुलूलँडच्या दोन अभयारण्यांमधल्या पट्ट्यातला एक जीवघेणा रोग वर्णन केला आणि त्या पट्ट्यावरून त्याला ‘कॉरिडॉर रोग’ म्हटले. परजीवी तोच, फक्त म्हशीतून आलेला. म्हैस ठणठणीत, तिच्याजवळ चरलेली गाय मरते, आणि गाईत परजीवी इतका विरळ असतो की काचेवर चुकतोच. त्यामुळे आज ऑन्डरस्टेपोर्टला थायलेरियाची तपासणी मोठ्या प्रमाणात आजारी नसलेल्या जनावरांची होते. म्हैस एका शेतावरून दुसऱ्या शेतावर न्यायची तर तिचे रक्त आधी तिथे जाते. प्रतिपिंडे पाहिली जातात आणि पीसीआरने परजीवीचा डीएनए शोधला जातो. रोगमुक्त म्हशीची किंमत इतकी असते की एका नळीभर रक्तावर सौदा ठरतो किंवा मोडतो.

आणि जंत. ऑन्डरस्टेपोर्टच्या मोनिग यांनी १९३४ मध्ये पशूंच्या कृमींवर जे पुस्तक लिहिले ते आपल्याही कॉलेजांत वापरले गेले. मेंढीच्या चौथ्या पोटात राहणारा हिमॉन्कस हा तिकडचा मोठा शत्रू, जसा तो आपल्या माणदेशच्या मेंढ्यांचाही आहे. एक किडा दिवसाला थेंबभर रक्त पितो, आणि एका मेंढीत हजारो किडे. पन्नास वर्षे सगळ्या कळपाला एकदम औषध पाजण्याचा शिरस्ता होता, आणि १९८० च्या दशकापर्यंत दक्षिण आफ्रिकेतल्या कित्येक शेतांवर जवळपास सगळी औषधे निकामी झाली. औषधातून फक्त औषधाला न जुमानणारे जंत वाचत आणि तेच पुढे वाढत. यान फान वेइक, गॅरेथ बाथ आणि ‘फाफा’ मालन या पशुवैद्यांनी १९९० च्या दशकात उलटा रस्ता धरला. हा जंत रक्त पितो ना? मग मेंढीची खालची पापणी ओढून रंग पाहा. लाल, लालसर गुलाबी, गुलाबी, फिकट गुलाबी आणि पांढरी, अशा पाच रंगांचे एक कार्ड छापले. फिकट गुलाबी आणि पांढऱ्या पापणीच्या मेंढीलाच औषध द्यायचे, लाल पापणीच्या मेंढीला नाही. तिच्या पोटातले औषधाला बळी पडणारे जंत जिवंत राहतात आणि निर्ढावलेल्यांत मिसळून त्यांचा जोर कमी करतात. फाफा मालन चार्ट या शब्दांच्या आद्याक्षरांवरून कार्डाला ‘फामाचा’ नाव पडले.

सूक्ष्मदर्शक नाही, सुई नाही, गिम्सा नाही. अक्षरओळख नसलेल्या मेंढपाळालाही ते जमते, फक्त स्वच्छ उजेडात पाहायचे आणि पापणी हलक्या हाताने ओढायची. रोज रोज पाहणाऱ्याला मग कार्डाची गरज भासेनाशी होते, आणि तिथेच घोटाळा होतो. कळप हळूहळू फिकट होत गेला की डोळा त्या फिकटपणालाच सरावतो. म्हणून कार्ड शेजारी धरायचेच, असा तज्ज्ञांचा आग्रह असतो. कार्ड उन्हात ठेवायचे नाही आणि वर्षभराने बदलायचे, कारण त्यावरचा लाल रंगही उडतो.